तळ्याकाठची पंगत

१

दीपमालाकाकूंच्या गल्लीत कुणाकडं पाहुणा आला, की काकू आधी त्याची चप्पल बघायच्या, मग तोंड. "तोंड खोटं बोलतं, चप्पल न्हाई," असं त्यांचं म्हणणं. टाचेला झिजलेली असली तर उभं राहून शिकवणारा मास्तर. अंगठ्यापाशी झिजलेली असली तर पायी हिंडणारा. अन् नवी कोरी असली तर पोरगी बघायला आलेला. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. कुणाची डाळ करपली, कुणाचं पोरगं क्लास बुडवून गंजगोलाईच्या बाजारात हिंडतंय, कुणाची सून माहेरी गेली ती परत कधी येणार, हे सगळं काकूंना ओसरीवर बसल्या बसल्या कळायचं. लोक वैतागायचे, पण गावाला जाताना घराची चावी काकूंकडंच ठेवायचे.

शेजारच्या समीक्षाची तर चावीच काय, पोरगीही काकूंकडंच असायची. समीक्षा दवाखान्यात नर्स. नवरा सुगत किनवटला आश्रमशाळेत मास्तर, सणासुदीला येणारा. त्यांची यशोधरा, सगळ्यांची यशू, पहिलीत होती. दुपारी शाळेच्या रिक्षातून उतरली की थेट काकूंच्या ओसरीवर यायची, दप्तर फेकायची अन् ओरडायची, "काकूआज्जी, भूक!"

काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी हे दुःख कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला दुसऱ्यांची दुःखं भरपूर होती. पण रिक्षाचा भोंगा वाजायची वेळ झाली की त्यांचा सगळा जीव कानात यायचा.

त्या वर्षी येळवस तोंडावर आली अन् काकूंचं तोंड उतरलं. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अर्धं लातूर ओस पडतं. माणसं रानात जातात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभारतात, पूजा करतात, भाज्या-शेंगांची भज्जी अन् आंबील करतात, अन् बांधावरनं जाणाऱ्या कुणालाही हात करून जेवायला बोलावतात. काकूंचं रान मात्र आता डांबराखाली होतं. मोठा रस्ता झाला, त्यात गेलं.

"शेत न्हाई तर काय झालं, काकू?" समीक्षा म्हणाली. "तळ्याकाठी कँप निघालेत आता. टेंट मिळतो, चूल मांडू देतात, लेकरांना खेळायला जागा असते. सुगत येणारच हायत. तिथंच करू येळवस."

"टेंटात?" काकूंनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. "भूकंपानंतर किल्लारीकडच्या लोकांनी दिवस काढले तंबूत, रडत रडत. आपून हौसेनं जायचं व्हय?"

काकूंचे यजमान गुरुबसप्पा डाळमिलमध्ये मुकादम होते. कमी बोलायचे. पेपरामागून म्हणाले, "भज्जीला काय कळतंय, वर कापड हाय का कडबा हाय."

समीक्षानं मोबाइलवर फोटो दाखवले. निळं पाणी, रंगीत तंबू, हसणारी माणसं.

"फोटोत काय, मीबी गोरी दिसते," काकू म्हणाल्या. "जागा डोळ्यानं बघाव लागती. मी येते संगट."

२

रविवारी ओळखीच्याची गाडी करून तिघी निघाल्या, समीक्षा, यशू अन् काकू. औसा मागं पडलं, तुरीची रानं लागली, अन् मग लांबवर पाणी चमकलं.

पहिल्या जागी एक चाकावरचं घर उभं होतं. पुण्याकडचं कुटुंब आलेलं. बसएवढ्या गाडीत पलंग, शेगडी, हात धुवायचं भांडं. काकू विचारल्यासारखं करून आत शिरल्या, पलंगावर बसून बघितलं, फळी उघडून डबे बघितले. "हे घर हाय का गाडी, एकदाचं ठरवा बाबा," असं मालकाला म्हणाल्या अन् त्याच्या बायकोला माहेर विचारून आल्या. दुसऱ्या जागी समीक्षा आधी बघून आली, संडासाच्या दाराला कडी नव्हती. काकूंनी तिथं गाडीतून पायसुद्धा खाली टाकला नाही.

तिसरी जागा तळ्याच्या पार शेवटाला, पंचाक्षरी नावाच्या माणसाची. चाळिशीतला, कपाळाला विभूती, गळ्यात दस्ती. जागा झाडून लख्ख. तंबू ओळीनं ठोकलेले, चुलीसाठी दगड मांडलेले, पाण्याकडं उतरायला पायऱ्या. काकूंनी संडासाची कडी दोनदा लावून बघितली. पटली जागा.

समीक्षा पंचाक्षरीशी बोलत राहिली. काकू यशूचं बोट धरून पाण्याच्या कडेकडेनं निघाल्या. दुसऱ्याचं अंगण कुठवर आहे हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

तळं जिथं वळत होतं तिथं एक जुनं करंजाचं झाड होतं. झाडाखाली कडब्याची कोप होती, अन् कोपीपुढं, पाण्याकडं तोंड करून, एक कुटुंब जेवायला बसलेलं होतं. पागोटं बांधलेला म्हातारा. पदर घेतलेल्या बाया. शेवटाला दोन लेकरं. सगळ्यांच्या पाठी इकडं. मडक्यात डवला, लाकडी पळी, फिरल्याचा आवाज येत होता, घर्र, घर्र, अन् थांबून पुन्हा घर्र.

काकूंना इतकं बरं वाटलं की विचारू नका. आपल्यासारखीच माणसं! कुणीतरी अजून कोप घालतंय. येळवस पुढल्या आठवड्यात आहे अन् ह्यांनी आजच कोप कशी घातली, हे मनात आलं. पण घालत असतील हौसेनं आधीच. चटईच्या कडेला चपला काढलेल्या होत्या, एका ओळीत, नीट.

"चाललंय का जेवण?" काकूंनी लांबूनच आवाज दिला.

कुणी वळलं नाही. मोठी माणसं एक वेळ वळायची नाहीत. पण लेकरं? जेवणारं लेकरू हाक ऐकून वळलं नाही, असं काकूंनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

"या जेवाया," पंगतीतून बाईचा आवाज आला. गोड आवाज, जरा खरखरीत, लई दिवस कुणाशी न बोललेल्या माणसाचा असतो तसा.

आपल्याकडं जेवणारा माणूस वाटसरूला 'या जेवाया' म्हणतो, अन् वाटसरू 'होऊ द्या' म्हणून पुढं जातो. ते पोटातनं येत नसतं, सवयीतनं येतं. पण काकूंच्या डोक्यात येळवस होती. अन् येळवसच्या बोलावण्याला कुणी होऊ द्या म्हणत नसतं. जातात, निदान बाजरीचा एक उंडा तरी मोडतात. समोर कोप, मडकं, डवला. काकू बोलून गेल्या.

"आज न्हाई बाई, येळवसला येते! इथंच असणार आमी. ह्या आमच्या यशूलाबी आणते, यशोधरा नाव हाय. लई गुणाची. भज्जी खाती आवडीनं."

डवला थांबला नाही. "या," आवाज म्हणाला. "यशूला आणा."

परत येताना पंचाक्षरी घाईघाईनं समोर आला. त्याची नजर काकूंच्या खांद्यावरून करंजाकडं गेली अन् लगेच खाली आली.

"कोण हो ती माणसं?" काकूंनी विचारलं. "कुठल्या गावची?"

"तिकडं मी टेंट देत न्हाई, मावशी." तो जरा थांबला. "बोललाव का त्यांना? जेवाया बोलावले असतील."

"हाव, बोलावले की."

"होऊ द्या म्हणलाव ना?"

त्यानं हे अगदी हळू विचारलं. खरं सांगावं असं ओठावर आलं. पण त्याच्या तोंडाकडं बघून ते परत गेलं.

"हाव," काकू म्हणाल्या. "तेच म्हणले."

पंचाक्षरीनं श्वास सोडला अन् दस्तीनं तोंड पुसलं.

३

सोमवारी यशू भिंतीकडं तोंड करून जेवायला बसली.

रोज ती दाराकडं तोंड करून बसायची, रस्त्यावरची कुत्री बघत बघत. काकूंनी ताट फिरवलं, "अशी बस गं बाई." यशू बसली. काकू भाकरी आणायला आत गेल्या, परत येईतो पोरगी पुन्हा भिंतीकडं. छोटीशी पाठ, दोन वेण्या, मध्ये पांढरा भांग.

"यशू, झालं का जेवण?"

"या जेवाया," यशू न वळता म्हणाली.

काकू हसल्या. लेकरं ऐकलेलं बोलतात. आपणच तर रोज म्हणतो येणाऱ्याजाणाऱ्याला. त्यांनी स्वतःला हे नीट समजावून सांगितलं. अन् तरी त्यांचा हात भाकरीवरच राहिला, तवा तापून धूर निघेपर्यंत.

आंबिलीसाठी त्यांनी ज्वारीचं पीठ मडक्यात आंबवायला ठेवलं होतं, वर ताटली, ताटलीवर दगड. दुपारची सामसूम असली की स्वयंपाकघरातनं आवाज यायचा. घर्र. थांबून पुन्हा घर्र. काकू उठून बघायच्या. ताटली जागच्या जागी, दगड जागच्या जागी, डवला खुंटीला टांगलेला. आंबताना फसफसतं पीठ, बुडबुडे येतात. त्याचाच आवाज. इतकी वर्षं आंबील केली, असा आवाज कधी ऐकला नव्हता ही गोष्ट वेगळी.

मग एके दिवशी यशूनं पाटीवर माणसं काढली. एका ओळीत, सगळी गोल डोक्याची, केस रेखाटलेली, डोळे कुणालाच नाहीत.

"डोळे काढायचे राहिले की गं."

"ती पाठ हाय, काकूआज्जी," यशू म्हणाली. अन् ओळीतल्या दोन मोकळ्या जागांवर बोट ठेवून, "ही तुझी. ही माझी."

काकू समीक्षाकडं गेल्या. जागा बदलू या, तिथं डास लई हायत म्हणाल्या.

"थंडीत कसले डास?" समीक्षा हसली. "काकू, तुम्हीच तर कडी बघून पसंत केली. सुगतनी सुट्टी टाकली. यशू शाळेत सगळ्यांना सांगून राहिली, आम्ही टेंटमध्ये जाणार म्हणून. आता तुम्हाला झालं काय?"

काय सांगणार? पाठमोऱ्या माणसांची भीती वाटते? जिला गल्लीतली कुणाचीच भीती वाटली नाही तिला?

गुरुबसप्पांना मात्र त्यांनी सांगितलं. चहा घेताना, सगळं, पंचाक्षरीशी खोटं बोलल्यासकट. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"कोण हायत ती, मला माहीत न्हाई," ते म्हणाले. "पण येळवसला येतो म्हणून सांगितलं. माणूस वाट बघत असतो. आपला बाप असाच बांधावर उभा राहायचा, जेवण खोळंबून. शब्द दिला की जाव लागतं."

"अन् पोरगी?"

"शब्द तू दिलास. तू जा. लेकराला कामून नेतीस?"

काकू उठून कप धुवायला गेल्या. नळ सोडला तरी मडक्याचा आवाज ऐकू येत होता.

त्या दिवसापासून त्यांनी यशूला एक खेळ शिकवला. येता जाता, वेणी घालताना, दूध पिताना.

"कुणी 'या जेवाया' म्हणलं तर काय म्हणायचं?"

"होऊ द्या!"

"कुणीबी म्हणू दे. मी म्हणले तरी."

"तू म्हणलीस तर मी येणार," यशू म्हणायची.

"न्हाई बाई. मी म्हणले तरी होऊ द्या."

४

येळवसला तळ्याकाठी जत्रा भरल्यागत झालं होतं. तंबू भरलेले. पुण्याचं चाकावरचं घर सकाळीच इकडं येऊन लागलं होतं, कारण काकूंनी त्या बाईला भज्जीचं आमिष दाखवलं होतं. तिचा नवरा आंबिलीचा घोट घेऊन तोंड वाकडं करत होता अन् पुन्हा मागत होता.

सुगतनं सकाळीच कडबा आणून तंबूपुढं कोप उभारली, जराशी कलती. पूजेला पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले.

"काकू, पांडव तुमचे, भज्जी माझी," तो म्हणाला.

"आधी कोप सरळ कर मास्तर, मग भज्जी माग. पोरांना हेच शिकवतोस व्हय, कलतं उभं राहायला?"

सगळी हसली. काकूही हसल्या, पण त्यांचा एक डोळा यशूवर होता. यशू खेळत होती, पळत होती, अन् मध्येच थांबून तळ्याच्या वळणाकडं बघत होती. तिथं करंजाखाली पाठी दिसत होत्या. एवढ्या गर्दीत त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. पोरं चेंडूमागं तिकडं पळायची अन् अलीकडंच थांबून परत फिरायची, मधे ओढा असल्यासारखी. सांडलेल्या भातावर कुत्री तुटून पडत होती, इथं, तिथं, सगळीकडं. करंजाखाली एक कुत्रं नव्हतं.

पंगत बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका सुरू झाल्या. "या, या जेवाया!" एका तंबूतनं दुसऱ्याला, दुसऱ्यातनं तिसऱ्याला. अन् त्या गलक्यात एक आवाज आला. मोठा नव्हता. पण काकूंना कळलं की तो कुणासाठी आहे.

"यशूऽ. ये बाळा जेवाया."

यशू उठली. हातात उंडा होता तो तिनं खाली ठेवला, लग्नात वाढप्यानं बोलावल्यावर लेकरू जातं तशी आज्ञाधारकपणे चालायला लागली. समीक्षा कुणाला तरी खीर वाढत होती. सुगतची पाठ इकडं होती.

काकूंनी पोरीला दोन्ही हातांनी धरलं अन् गुरुबसप्पांच्या मांडीवर बसवलं. "सोडू नका. पाणी मागितलं तरी सोडू नका."

त्यांनी नुसता हात पोरीभोवती टाकला.

काकू पदर खोचून निघाल्या.

५

करंजापाशी गेल्यावर मागचा गलका बंद झाला. म्हणजे, माणसं दिसत होती, तोंडं हलत होती. आवाज मात्र मागं राहिला. लाटा काठापर्यंत येत होत्या, पण त्यांनाही आवाज नव्हता. फक्त मडक्यात डवला.

चटईच्या कडेला चपला होत्या. एक उलटी पडलेली. उलटी चप्पल काकूंना बघवत नसे. घरात भांडण होतं म्हणतात. त्या वाकल्या अन् सरळ करायला उचलली. अंगठा कुजून काळा पडलेला, सुतळीनं चारदा बांधलेला. वरची चामडी बोट लावलं तर भुगा होईल अशी. अन् तळ नवा कोरा. टाचेला झीज नाही, अंगठ्यापाशी झीज नाही. ह्या चपलेनं कुणी कुठंच गेलेलं नव्हतं. एवढ्या जुन्या चपलेनं.

काकूंनी ती हळूच ओळीत ठेवली. स्वतःची काढून शेजारी ठेवली.

पंगतीत दोन पत्रावळ्या मोकळ्या होत्या. एक मोठी, एक लहान.

"आले बाई मी," काकू म्हणाल्या अन् दोन्हींच्या मध्ये बसल्या, पाण्याकडं तोंड करून, सगळी बसली होती तशा. "लेकरू लहान हाय. तिचंबी मीच खाते."

डाव्या हाताला पागोटेवाला, उजव्या हाताला ती बाई. मान वळवली असती तर दिसलं असतं. काकूंना उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडाकडं बघू नये असं वाटलं नव्हतं. आज त्यांनी मान हलवली नाही.

एक हात आला अन् दोन्ही पत्रावळ्यांवर वाढलं. उंडे, भज्जी, आंबील. वाफ निघत होती, पण वाफेला ऊब नव्हती. भज्जीला चव नव्हती. वाईट नव्हती, नव्हतीच. ताप उतरताना तोंडाला असते तशी कोरी. काकूंनी घास घेतला. पुन्हा घेतला.

"वाढू का?"

"वाढा."

पलीकडनं सुस्कारा आला. एकानं सोडला, मग दुसऱ्यानं, ओळीच्या शेवटपर्यंत गेला. अन् मग त्यांच्या जेवणाचा आवाज सुरू झाला. तेव्हा काकूंना कळलं, की आतापर्यंत डवला फिरत होता, जेवण मात्र कुणी केलंच नव्हतं. पाहुणा आल्याबिगर घरच्यांनी घास घ्यायचा नाही, ही जुनी रीत. पाहुणाच आला नव्हता. किती वर्षं, कोण जाणे.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. शंभर प्रश्न होते. कुठलं गाव, कुणाची घरची, कुणाची वाट बघत होताव, लेकरांची नावं काय. एकही विचारला नाही. एक बारीक हात पलीकडनं आला अन् उंड्याचा तुकडा त्यांच्या पत्रावळीवर ठेवून गेला. आपल्यातला. काकूंनी तोही खाल्ला.

पाणी आता पार शांत होतं. मान वळवायची नव्हती, म्हणून त्यांनी खाली बघितलं. काठाच्या पाण्यात सगळी पंगत उमटली होती. मध्ये काकूंचं तोंड होतं, कुंकवासकट. त्यांच्या दोन्ही बाजूंना पागोट्याची मागची बाजू, पदर, वेण्या.

पाण्यातही त्यांच्या पाठीच होत्या.

काकूंनी दोन्ही पत्रावळ्या संपवल्या. लहान पत्रावळीवरचा कणसुद्धा टिपून घेतला, की पोरीच्या नावाचं काही उरू नये. पाण्यात हात न घालता पदराला पुसले अन् उठल्या.

"पोट भरलं बाई," त्या म्हणाल्या. "लई तृप्त झाले." अन् मग पन्नास वर्षांची सवय, आईनं लावलेली, सासूनं घोटलेली, तोंडातनं निघून गेली. जेवून उठलेला माणूस निघताना जे म्हणतो तेच.

"आता तुमी या. या एकदा लातूरला."

डवला थांबला.

थांबला तो थांबलाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. काकूंच्या उजव्या हाताला पदर हलला, भांग सरकला, अन् कानामागून, गाल जिथं सुरू व्हायला हवा तिथं...

काकूंनी चप्पल पायात घातली अन् मागं न बघता चालायला लागल्या. पळाल्या नाहीत. जेवल्या घरातनं पळून जात नसतात.

तंबूपाशी आल्यावर गलका एकदम कानांवर आदळला. यशू गुरुबसप्पांच्या मांडीवरनं उतरून धावत आली, तोंड खिरीनं माखलेलं, समोरनं, सगळंच्या सगळं तोंड. काकूंनी ते ओंजळीत धरलं अन् इतका वेळ बघितलं की पोरगी वैतागली.

"काय बघून राहिलीस काकूआज्जी?"

"काय न्हाई. डोळे बघते."

करंजाखाली कोप नव्हती. पंचाक्षरी तिथं उभा होता, मोकळ्या जागेकडं बघत, हातातली दस्ती तशीच.

६

यशू पुन्हा दाराकडं तोंड करून जेवायला लागली. पाटीवरच्या माणसांना डोळे आले, मोठमोठे, पापण्यांसकट. समीक्षा म्हणाली, "काकू, पुढल्या वर्षी तिथंच जाऊ." काकू म्हणाल्या, "बघू." मडकं त्यांनी उन्हात पालथं घालून ठेवलं, अन् कान हळूहळू मोकळे झाले.

गुरुबसप्पांना त्यांनी शेवटचं वाक्य सांगितलं नाही. म्हणायची रीत असते. कोण येतंय लगेच. सगळेच म्हणतात, 'या एकदा'. निम्मी माणसं कधीच येत नाहीत.

माघाच्या एका दुपारी काकू भाकरी थापत होत्या. गुरुबसप्पा मिलमध्ये, समीक्षा ड्यूटीवर. गल्लीत सामसूम. खिडकीवरची चिमणी मध्येच चिवचिवायची थांबली, अन् ओसरीवर मडक्यात डवला फिरला.

घर्र.

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. पीठ झटकलं. मग उंबऱ्यापाशी आल्या अन् सवयीनं आधी खाली बघितलं.

पायरीवर चपला होत्या, एका ओळीत. त्याच, सुतळीनं बांधलेल्या. एक उलटी पडली होती. तिचा तळ झिजून आरपार गेला होता, टाचेला, अंगठ्यापाशी, सगळीकडंच. सगळ्याच मातीनं भरलेल्या. तळ्यापासून लातूरपर्यंतची सगळी वाट.

 चालत आली बिचारी. लेकरं घेऊन.

ओसरीवर ती सगळी बसली होती, रस्त्याकडं तोंड करून, पाठी घराकडं. मध्ये एक जागा सोडलेली.

दार लावून घेता आलं असतं. कडी मजबूत होती. पण रिक्षा यायची वेळ झाली होती, अन् यशू उतरून ह्याच ओसरीवर येणार होती. मालकीण दाराआड अन् पाहुणे उपाशी, असं असताना लेकरानं येऊ नये. अन् खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. बोलावलेला माणूस दारात बसलाय, अन् आपण कडी लावायची?

"भाकरी कडक चालती का मऊ?" काकूंनी आतनं विचारलं. 

"कशीबी चालती, बाई."

त्यांनी वाढलं. घरातल्या सगळ्या ताटांत, वाट्यांत, शेवटी झाकणांत. मागनं वाढलं, पाठींच्या वरून, वाकून. मग स्वतःचं ताट घेतलं अन् मधल्या जागेत जाऊन बसल्या, रस्त्याकडं तोंड करून. पाहुणा एकटा जेवत नसतो.

भोंगा वाजला.

रिक्षा कोपऱ्यावरच थांबली होती. आज तिथं कुणाचं तरी वाळू-खडीचं ट्रॅक्टर आडवं होतं. म्हणून यशू समोरनं आली नाही. घरामागच्या बोळातनं आली. काकूंना फाटकाचा आवाज ऐकू आला, मग बुटांचा, परसातनं, स्वयंपाकघरातनं, उंबऱ्यापर्यंत. तिथं बूट थांबले. दप्तर पडलं नाही. 'भूक' अशी हाक आली नाही.

पाठीमागं लेकरू उभं होतं. त्याला काय दिसत असेल ते काकूंना माहीत होतं. सगळ्या पाठी. त्यातली एक ओळखीच्या लुगड्यातली.

"या जेवाया," शेजारची बाई म्हणाली.

काकूंची मान आपसूक वळायला लागली. फक्त एकदा. एकदा बघितलं तर पोरगी हसेल, धावत येईल, मांडीत बसेल, ताटात हात घालेल. त्यांनी ताटाची कड दोन्ही हातांनी धरली अन् समोर रस्त्याकडं बघत राहिल्या. ऊन होतं. ट्रॅक्टरवाला कुणावर तरी ओरडत होता.

"काकूआज्जी?" मागनं अगदी हळू आवाज.

काकू वळल्या नाहीत.

 मग यशूनं नाक ओढलं अन् वेणी घालताना पाठ करून घेतलेलं म्हणावं तसं म्हणाली,

"होऊ द्या."

बूट मागं फिरले. स्वयंपाकघरात दारामागची चावी खणकली, मग परस, फाटक. शेजारच्या दाराची कडी वाजली, उघडल्याची, अन् आतनं लावल्याची.

"गुणाची हाय," बाई म्हणाली.

"लई," दीपमालाकाकू म्हणाल्या, अन् त्यांनी भाकरी मोडली.